माडावरील श्रम आणि त्याची साधने : मालवण किनाऱ्यावरील पाडेली व माडी काढणारे यांच्या व्यवसायाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कोकणच्या इतिहासलेखनात माडाला मानाचे स्थान मिळाले आहे. दानपत्रांत माडांची संख्या आढळते, महसुली दप्तरांत त्यांच्यावरील कर आढळतो, प्रवासवर्णनांत माडांच्या राईचे सौंदर्य आढळते आणि अलीकडच्या काळात पर्यटनाच्या जाहिरातींत त्यांची चित्रे आढळतात. परंतु साठ-सत्तर फूट उंचीच्या, फांदी नसलेल्या खोडावर चढून नारळ पाडणारा, माडी काढणारा, सुकलेली झापे उतरविणारा आणि शेंड्यातील कीड शोधणारा माणूस या सर्व नोंदींमध्ये क्वचितच दिसतो. पाश्चात्त्य देशांत झाडावर चढून त्याची छाटणी व उपचार करणाऱ्या व्यक्तीस ‘ट्री सर्जन’ अशी स्वतंत्र व्यावसायिक ओळख मिळाली. अमेरिकेत जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि विसाव्या शतकात या व्यवसायाच्या संघटना, प्रशिक्षणक्रम व सुरक्षासाधने यांचा तेथे विकास झाला. मालवण किनाऱ्यावर हेच काम कित्येक पिढ्या होत आले. मात्र त्याला व्यवसायाची प्रतिष्ठा न मिळता जातीची किंवा मोलमजुरीची ओळख मिळाली.

प्रस्तुत निबंधात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील, विशेषतः मालवण परिसरातील, माडावर चढणाऱ्या श्रमिकांचे दैनंदिन काम, त्यांची साधने आणि शासनव्यवस्थेशी आलेला त्यांचा संबंध यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळासाठी रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांविषयीची माहिती विचारात घेणे क्रमप्राप्त ठरते. निबंधाची मांडणी प्रामुख्याने प्रकाशित गॅझेटियर, कायदे, कृषिविषयक माहिती आणि पूर्वसूरींचे संशोधन यांवर आधारलेली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी :

पश्चिम किनाऱ्यावरील माडांचा सर्वांत महत्त्वाचा जुना लेखी पुरावा नाशिकच्या लेण्यांत मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात नानंगोल या गावातील ३२,००० नारळीच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखात ८,००० नारळीची झाडे दान दिल्याचा निर्देश आहे. हे आकडे अतिशयोक्त मानले तरी एक गोष्ट स्पष्ट होते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत नारळीचे झाड हे मोजता येणारे, हस्तांतरित करता येणारे आणि कायम उत्पन्न देणारे धन समजले जात होते. हे उत्पन्न झाडावरून खाली कोण आणत असे, याविषयी मात्र लेख मौन बाळगतात. दानपत्राच्या दृष्टीने झाड महत्त्वाचे, त्यावर चढणारा नव्हे; आणि ही परंपरा पुढील नोंदींतही टिकून राहिलेली दिसते.

सोळाव्या शतकात गोव्यात वास्तव्य करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माडाचे सविस्तर वर्णन केले आहे. काथ्या, खोबरे, तेल, गूळ, माडाचा रस म्हणजे ‘सूर’ व त्यापासून तयार होणारे मद्य या सर्वांची माहिती त्याने दिली आहे. मालवण आणि गोवा यांच्या किनाऱ्याची भौगोलिक सलगता लक्षात घेता हे वर्णन तळकोकणालाही मोठ्या प्रमाणात लागू पडते.

या संदर्भात व्यवसायवाचक शब्दांचा विचार उद्बोधक ठरतो. गोव्यात माडाचा रस काढणाऱ्यास ‘रेंदेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील खंड किंवा मक्ता या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजेच माडावर चढणाऱ्याचे नाव त्याच्या कामावरून न पडता त्याने भरावयाच्या खंडावरून पडले. तळकोकणात हा व्यवसाय ज्या समाजाशी जोडला गेला त्या ‘भंडारी’ या नावाच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात. काही अभ्यासक ते मद्य गाळण्याच्या व्यवसायाशी जोडतात, तर काही ‘भांडार’ या शब्दाशी. प्रत्यक्ष श्रमावरून पडलेले नाव एकच, ते म्हणजे ‘पाडेली’. नारळ पाडतो तो पाडेली. हा शब्द मात्र दप्तरांपेक्षा लोकांच्या बोलण्यातच अधिक राहिला.

भंडारी समाज आणि व्यवसायाचे स्वरूप :

किनारपट्टीवरील भंडारी समाजाचा इतिहास केवळ माडी काढण्यापुरता मर्यादित नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या उभारणीस प्रारंभ झाला त्या काळापासून मराठ्यांच्या आरमारात किनाऱ्यावरील गाबीत, भंडारी, कोळी आदी समाजांचा सहभाग राहिला. १६७९ च्या खांदेरीच्या लढ्यात मायनाक भंडारी यांचे नाव अग्रक्रमाने येते. मुंबईत इंग्रजांनी सतराव्या शतकात उभारलेल्या स्थानिक संरक्षक दलातही भंडाऱ्यांचा भरणा होता. मराठेशाहीतील ‘हेटकरी’ बंदूकधारी पायदळ तळकोकणातीलच होय. शेती, दर्यावर्दी व्यवसाय, सैन्य आणि पुढे मुंबईतील गिरण्या अशा विविध क्षेत्रांत हा समाज विखुरला. तरीही १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ या मुंबई गॅझेटियरच्या दहाव्या खंडासारख्या ब्रिटिशकालीन ग्रंथांत समाज आणि व्यवसाय यांची सांगड घालून वर्णने केली गेली. त्यामुळे एका कौशल्याचे रूपांतर जातीच्या लक्षणात झाले.

माडावरील काम स्थूलमानाने दोन प्रकारांत विभागता येते. पहिला प्रकार नारळ पाडण्याचा. माडाला साधारणपणे महिन्याला एक नवीन झाप येते आणि प्रत्येक झापेच्या बगलेत एक पोय निघते. त्यामुळे झाडावर एकाच वेळी कोवळी शहाळी, अडसर आणि पक्व नारळ अशा वेगवेगळ्या अवस्थांतील घड असतात. पाडेलीला खालून पाहून व वर गेल्यावर स्पर्शाने किंवा बोटाच्या टिचकीने तयार घड ओळखावा लागतो. चुकीचा घड उतरविल्यास बागायतदाराचे नुकसान होते आणि पक्व घड राहिल्यास तो कौलांवर किंवा माणसांवर पडण्याचा धोका असतो. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी ही पाडणी करावी लागते. पावसाळ्यात शेवाळलेले खोड निसरडे होत असल्याने चढणे जोखमीचे असते. त्यामुळे या व्यवसायाचे वार्षिक वेळापत्रक पावसाभोवतीच आखलेले असे.

दुसरा प्रकार माडी काढण्याचा. यात न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, काही दिवस ती हलक्या हाताने ठोकतात व नंतर तिचे टोक धारदार पात्याने पातळ कापून खाली मडके अडकवितात. पाझर चालू राहण्यासाठी पोय रोज ताजी कापावी लागते. परिणामी नारळ पाडणारा ज्या झाडावर वर्षातून सहा ते आठ वेळा चढतो, त्याच झाडावर माडी काढणाऱ्याला दिवसातून दोन किंवा तीन वेळा चढावे लागते. उदाहरणादाखल, पंधरा मीटर उंचीचे दहा माड दिवसातून तीनदा चढावयाचे म्हटल्यास एका दिवसात साडेचारशे मीटर चढण आणि तितकीच उतरण होते. तीही परतीच्या वेळी भरलेले भांडे कमरेला घेऊन. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या श्रमावर उपाय म्हणून माडांच्या शेंड्यांमध्ये काथ्याचे दोर बांधून एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याची पद्धत रूढ झाली. तळकोकणात प्रत्येक माड स्वतंत्रपणे चढण्याचीच रीत राहिली.

पारंपरिक साधने :

या श्रमिकाची साधनसामग्री अत्यंत मोजकी होती. धारदार कोयती, ती अडकविण्यासाठी कमरेच्या दोरीला मागील बाजूस बांधलेली लाकडी आकडी, पायांत घालावयाचा दोराचा फास, रस उतरविण्यासाठी वाळविलेल्या दुधी भोपळ्याचे किंवा मातीचे भांडे आणि धार लावण्याचा दगड इतकाच हा संसार होता. परंतु यातील प्रत्येक साधनामागे अनुभवाने आलेला विचार दिसतो.

आकडी हे याचे उत्तम उदाहरण होय. चढताना दोन्ही हात खोडासाठी मोकळे हवेत, पाते अंगाला लागता कामा नये आणि शेंड्यात पोहोचल्यावर एका हाताने कोयती सहज काढता व परत ठेवता आली पाहिजे, या तिन्ही गरजा कमरेच्या मागील आकडी पूर्ण करते. आधुनिक वृक्ष-आरोहकाच्या कमरपट्ट्यावर करवत अडकविण्याची जी सोय असते, तिचे तत्त्व हेच आहे.

कोयतीच्या बाबतीत कामागणिक भेद होता. घड आणि झापांचे पिढे तोडण्यासाठी जड पात्याची कोयती लागे, तर पोय कापण्यासाठी पातळ व अतिशय तीक्ष्ण पाते आवश्यक असे. बोथट पात्याने पोय चेचली जाऊन पाझर मंदावतो. म्हणून धार लावणे हा रोजच्या कामाचाच भाग होता. पात्याचे पोलाद व मुठीची पकड यांसाठी गावच्या लोहारावर अवलंबून राहावे लागे. चढणाऱ्याचे उत्पन्न अशा रीतीने लोहाराच्या कसबाशीही बांधलेले होते.

दोर हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित घटक होय. पायांतील फासामुळे दोन्ही तळवे खोडाच्या दोन बाजूंना घट्ट धरले जातात आणि शरीराचा भार पायांवर येतो. काथ्या खोडाच्या खरखरीत पृष्ठभागावर चांगला पकडतो आणि ओलावाही बऱ्यापैकी सोसतो. मात्र सततच्या घर्षणाने तो आतून झिजतो व ती झीज वरून नेहमी दिसत नाही. विशेष म्हणजे हा काथ्या त्याच नारळाच्या सोडणापासून, खाडीच्या पाण्यात कुजवून व कुटून, किनाऱ्यावरील स्त्रियांच्या श्रमातून तयार होत असे. माडावर चढणाऱ्या पुरुषाची सुरक्षितता माडाखालील स्त्रीच्या हातच्या वळणीवर अवलंबून होती, ही बाब या व्यवसायाच्या कौटुंबिक अर्थकारणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

चढण्याच्या सोयीसाठी काही ठिकाणी खोडाला खाचा पाडीत, तर रोज चढावयाच्या झाडांना नारळाची सोडणे दोरीने बांधून पायऱ्या करीत. खाचा चढणाऱ्याला सोयीच्या असल्या तरी झाडाला अपायकारक ठरतात. माडाच्या खोडाची जखम आंब्या-फणसाप्रमाणे भरून येत नाही. खाचेत पाणी साचते, कुज सुरू होते आणि सोंड्या भुंग्याला शिरकाव मिळतो. चढणाऱ्याची सुरक्षितता आणि झाडाचे आरोग्य यांतील हा ताण या व्यवसायातील मूलभूत प्रश्न म्हणता येईल. बांधलेल्या सोडणांची पायरी हे त्यावर परंपरेनेच शोधलेले, अधिक कष्टाचे परंतु झाडाला न दुखविणारे उत्तर होते.

अबकारी कायदा व झाडाची मोजणी :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवसायात मोठे स्थित्यंतर घडले. मुंबई अबकारी कायदा, १८७८ अन्वये ताडी-माडी काढण्यासाठी परवाना आवश्यक झाला आणि रस काढावयाच्या झाडांवरील कर हा अबकारी उत्पन्नाचा सुव्यवस्थित भाग बनला. पूर्वी गावपातळीवर चालणारा, घरगुती उपयोग आणि स्थानिक विक्री यांच्याशी निगडित असलेला व्यवसाय आता झाडांची मोजणी, परवाना, मक्ता आणि तपासणी यांच्या चौकटीत आला. या धोरणाचा दक्षिण गुजरातमधील परिणाम डेव्हिड हार्डिमन यांनी आणि ठाणे जिल्ह्यातील परिणाम इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी आपल्या अभ्यासांतून दाखवून दिला आहे. जे काल रूढी होते ते आज गुन्हा ठरले, हे हार्डिमन यांचे प्रतिपादन तळकोकणाचा विचार करतानाही उपयुक्त ठरते.

मालवण परिसराच्या बाबतीत एक भौगोलिक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. मालवण १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. शेजारी सावंतवाडी संस्थान होते आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. म्हणजे काही कोसांच्या अंतरात तीन वेगवेगळ्या राजवटी व तीन वेगवेगळ्या करपद्धती नांदत होत्या. माड तोच, कोयती तीच आणि कौशल्यही तेच. परंतु राजवटीनुसार त्या श्रमाचा कायदेशीर अर्थ बदलत होता.

झाडावर कर बसविल्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम श्रमाच्या गतीवर झाला असे म्हणावे लागते. कर झाडामागे ठरलेला असल्याने प्रत्येक करपात्र झाडातून जास्तीत जास्त रस काढणे हे माडी काढणाऱ्याच्या दृष्टीने अपरिहार्य होते. पाऊस, वारा किंवा आजारपण यांमुळे चढणे चुकले तरी कर चुकत नसे. शासनाने झाड मोजले, परंतु चढणे मोजले नाही, असे या धोरणाचे सार सांगता येईल.

दारूबंदी, स्थलांतर आणि व्यवसायाचा संकोच :

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ लागू झाला. ताडी-माडीचा व्यवसाय निषिद्ध ठरला आणि न आंबविलेल्या रसाचा म्हणजे नीरेचा वेगळा विचार करण्यात आला. नीरा टिकविण्यासाठी मडक्याला आतून चुना लावणे, सूर्योदयापूर्वी रस उतरविणे आणि भांडी वारंवार स्वच्छ करणे आवश्यक असते. म्हणजे कायद्याने कामाचा उद्देश बदलला तेव्हा साधनांची हाताळणी आणि कामाची वेळही बदलली. पुढे राज्याचे धोरण सैल झाले व १९६८ च्या नियमांनुसार ताडी दुकाने आणि झाडांचे छेदन यांसाठी परवाना पद्धती आली. परंतु मधल्या काळात एका पिढीचा सराव खंडित झाला होता.

याच काळात मुंबईची ओढ वाढत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीकामासाठी होणारे स्थलांतर एकोणिसाव्या शतकापासूनच सुरू होते. मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांत माडावर चढणे हे मागासलेपणाचे चिन्ह मानले जाऊ लागले. भंडारी समाजातील सीताराम केशव बोले यांच्यासारख्या नेत्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारहित, शिक्षण आणि सामाजिक समता यांसाठी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. १९२३ चा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ‘बोले ठराव’ त्याची साक्ष देतो. शिक्षण व प्रतिष्ठेच्या या वाटचालीत परंपरागत जोखमीचा व्यवसाय मागे पडणे स्वाभाविकच होते. त्यामुळे पाडेली मिळत नाहीत या आजच्या तक्रारीकडे केवळ मजुरांचा तुटवडा म्हणून पाहता येणार नाही. ज्या कामाला समाजाने कौशल्य म्हणून मान दिला नाही, ते काम पुढच्या पिढीने नाकारले, असा त्याचा अर्थ आहे.

माडाचा वैद्य :

पाडेलीचे काम नारळ उतरविण्यापुरते मर्यादित समजणे ही मोठी चूक ठरेल. माडाचा वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेले. गेंड्या भुंगा याच कोंबाजवळ शिरतो. त्याने कुरतडलेल्या झापा उलगडल्यावर पंख्यासारख्या कापलेल्या दिसतात, परंतु तोपर्यंत उशीर झालेला असतो. शेंडा साफ करणे, भुंगा तारेच्या आकडीने बाहेर ओढणे, कोंब कुजण्याच्या रोगात कुजका भाग खरवडून तेथे बोर्डो मलम लावणे ही सर्व कामे वर चढणाऱ्यानेच करावयाची असतात. १९९८ मध्ये केरळात प्रथम आढळलेला इरिओफाईड कोळी पुढे महाराष्ट्रातही पसरला, तेव्हाही फळांवरील डाग जवळून प्रथम पाहू शकणारा तोच होता.

भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कार्यरत आहे. बाणवलीतून निवड पद्धतीने विकसित केलेली ‘प्रताप’ ही जात आणि संकरित वाण यांमुळे लागवडीत सुधारणा झाली. तथापि संशोधन केंद्राची शिफारस माडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचविणारा माणूस कमी होत गेला, तर शिफारस कागदावरच राहते. हीच गोष्ट आंब्याच्या बाबतीत सांगता येईल. उंच वाढलेल्या जुन्या हापूस कलमांची छाटणी करून पुनरुज्जीवन करणे किंवा बांडगूळ काढणे यांसाठी झाडावर चढून तोल सांभाळत काम करणारा कुशल माणूस लागतो. आंबा उतरविण्यासाठी ‘नूतन झेला’ उपयोगी पडला; परंतु बांडगूळ झेल्याने निघत नाही.

चढण्याचे यंत्र : लाभ आणि मर्यादा :

पाडेलींच्या टंचाईवर उपाय म्हणून माडावर चढण्याची यंत्रे पुढे आली. केरळातील कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ यांनी विकसित केलेले यंत्र यांत विशेष प्रसिद्ध आहे. दोन धातूच्या चौकटी, त्यांना खोडाभोवती फिरणारी तारेची दोरी आणि पाय ठेवण्याची जागा अशी त्याची रचना आहे. एका चौकटीवर भार द्यावा, तिची पकड घट्ट होते. दुसरी मोकळी करून वर सरकवावी, असा क्रम चालतो. वस्तुतः हे पायांतील फासाचेच धातूतील रूप होय. पुढे बसून चढण्याची यंत्रेही उपलब्ध झाली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. केरळात प्रथम व पुढे अन्य नारळ उत्पादक राज्यांत तरुणांना यंत्राने चढणे, पाडणी आणि पीकसंरक्षण यांचे शिक्षण दिले गेले. त्यात स्त्रियांचाही समावेश होता. प्रशिक्षितांसाठी अपघात विम्याची योजनाही आली.

या यंत्राचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. जे कौशल्य जन्मापासून अंगवळणी पडल्याशिवाय येत नाही असे मानले जात होते, ते काही दिवसांत शिकता येते हे त्याने दाखविले आणि व्यवसायाची जातीशी असलेली गाठ सैल केली. मात्र त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रत्येक झाडाला यंत्र बसविणे व काढणे यांत वेळ जातो. विखुरलेल्या परसबागांत ते वाहून न्यावे लागते. वाकड्या खोडांवर, खाचा पडलेल्या किंवा मध्येच जाडी बदलणाऱ्या जुन्या माडांवर ते नीट बसत नाही. ओल्या खोडावर तारेची पकड सुटू शकते. शिवाय यंत्र शेंड्याच्या खालपर्यंत नेते. शेंड्याभोवती वळून काम करण्याचे कसब शेवटी माणसालाच लागते. म्हणून यंत्राबरोबर कमरेचा सुरक्षापट्टा व खोडाभोवतीचा वेगळा दोर अनिवार्य मानला पाहिजे. परंपरेत हा दुसरा दोर नव्हता आणि अनुभवी पाडेलींना तो अडचणीचा वाटतो. ही अडचण समजून न घेता साधन पुरविल्यास ते घराच्या कोपऱ्यात पडून राहते.

वादळे, वीजवाहिन्या आणि नवी जोखीम :

एकविसाव्या शतकात किनाऱ्यावरील वादळांनी या व्यवसायास नवे परिमाण दिले. नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांत सिंधुदुर्ग किनाऱ्यावर झाडांची मोठी पडझड झाली. घरांवर कललेले माड, तारांवर पडलेल्या फांद्या आणि रस्ते अडविणारे वृक्ष हटविताना झाडावर चढणारे व करवत चालविणारे हात अत्यावश्यक ठरले. ताणाखाली वाकलेले खोड कापताना ते कोणत्या बाजूने उसळेल याचा अंदाज घेणे हे पाश्चात्त्य प्रशिक्षणात स्वतंत्रपणे शिकविले जाते. कोकणात मात्र पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत अनेकदा शिरस्त्राण, पायांचे संरक्षक कवच किंवा कानांचे संरक्षण यांशिवायच वापरली जाते. करवत बाजारातून आली. तिच्यासोबत यावयाची शिस्त आली नाही. वीजवाहिन्यांजवळील माड आणि हातातील धातूची काठी हा आणखी एक गंभीर धोका होय.

तारकर्ली-मालवण परिसरातील पर्यटनवाढीमुळे निवासस्थानांच्या आवारातील माड नियमितपणे साफ ठेवण्याची गरज वाढली आहे. येथे पाडेली नारळासाठी नव्हे तर माडाखालून जाणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी चढतो. काम बदलले, परंतु जोखमीची वाटणी बदलली नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ताड-माडाचा रस काढणे व वृक्षतोड या कामांचा अंतर्भाव होता. म्हणजे या कामातील धोका विधिमंडळाला अज्ञात नव्हता. परंतु भरपाईसाठी मालक-नोकर संबंध सिद्ध व्हावा लागतो. पाडेली एका दिवसात दहा घरचे माड चढतो. झाडामागे पैसे किंवा काही नारळ घेतो आणि पुढे जातो. अकराव्या झाडावरून तो पडला तर त्याचा मालक कोण, या प्रश्नाला त्या चौकटीत समाधानकारक उत्तर नव्हते. वृक्षसंरक्षणाचे कायदे झाडाच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्रात १९६४ व १९७५ चे कायदे झाले, तर २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसावृक्षाचे स्थान मिळाले. हे सर्व स्वागतार्हच आहे. तथापि झाडाचे वय नोंदविणाऱ्या व्यवस्थेने त्यावर चढणाऱ्याचीही नोंद घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :

१. उषवदाताच्या दानलेखापासून अबकारी परवान्यापर्यंत सर्व नोंदींचे केंद्र माड हे राहिले आहे. चढणाऱ्या श्रमिकाचा इतिहास त्यामुळे त्याच्या साधनांतूनच वाचावा लागतो. आकडी, फास, कोयती आणि सोडणांची पायरी हे या इतिहासाचे विश्वसनीय दस्तऐवज होत.

२. पारंपरिक साधने प्राथमिक दिसत असली तरी ती कामाच्या गरजांशी सूक्ष्मपणे जुळविलेली होती. त्यांची मुख्य उणीव एकच होती : हात किंवा पाय सुटल्यास दुसरा आधार नव्हता.

३. १८७८ चा अबकारी कायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा यांची उद्दिष्टे परस्परविरुद्ध होती. परंतु श्रमिकाच्या सुरक्षिततेचा विचार दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिला.

४. पाडेलींची आजची टंचाई ही स्थलांतर, शिक्षण आणि व्यवसायाला न मिळालेली प्रतिष्ठा यांचा एकत्रित परिणाम आहे. चढण्याचे यंत्र व प्रशिक्षण यांनी हा व्यवसाय जातीच्या चौकटीबाहेर आणण्याची संधी निर्माण केली आहे.

५. यंत्र माणसाला वर नेऊ शकते, परंतु वर गेल्यावर काय पाहावे हे शिकवू शकत नाही. घड ओळखणे, कोंबाची तपासणी आणि किडीचा माग काढणे हे ज्ञान अनुभवी पाडेलींकडेच आहे. ते वृद्ध होत असताना या ज्ञानाची पद्धतशीर नोंद होणे निकडीचे आहे. कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास माडाच्या इतिहासाला माडावरील माणसाच्या इतिहासाची जोड मिळेल. पाडेलीचे वंशज आज याच महाविद्यालयांच्या वर्गांत बसलेले आहेत. त्यांच्या घरातील आकडी आणि कोयती हे त्या अभ्यासाचे पहिले साधन ठरू शकेल.